क्वांटम खरं असतंय नव्हं?

मागच्या मार्चमधली गोष्ट. सकाळचे अकरा वाजले होते, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो, कॅमेरा बंद होता. आत्तीचा फोन आला. आत्ती म्हणजे माझी आत्या, सांगली जिल्ह्यात विट्याजवळ राहते. ती कामाशिवाय फोन करत नाही, म्हणून माइक म्यूट करून फोन उचलला.

"बाळा, तू इंजिनेर हाईस म्हणून इचारते," ती म्हणाली. "ते क्वांटम म्हणत्यात, ते खरं असतंय नव्हं?"

मला हसू आलं. आत्तीच्या तोंडून 'क्वांटम'! म्हटलं, "हो आत्ती, एकदम खरं असतं. तुझ्या हातातला फोनसुद्धा त्याच्यावरच चालतो."

"मग झालं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. माझ्या कॉल लॉगमध्ये तो कॉल अजून आहे. चाळीस सेकंद.

नंतर कळलं ते असं. आत्तीची कंबर दुखत होती आणि उजव्या पायाला मुंग्या येत होत्या. गावातल्या मंगल कार्यालयात आरोग्य शिबिर भरलं होतं. तिथे लॅपटॉपला जोडलेली एक पितळी कांडी तिला मुठीत धरायला दिली. मिनिटभरात प्रिंटरमधून वीस-पंचवीस पानांचा रिपोर्ट बाहेर आला. लिव्हर, किडनी, हाडांतलं कॅल्शियम, सगळं आकड्यांत. मशीनच्या नावात 'क्वांटम' होतं. शिबिरवाल्याने सांगितलं की शरीराची कंपनं बिघडलीत, तीन महिन्यांचा कोर्स करावा लागेल, अठरा हजार रुपये.

आत्ती भोळी नाही. पैसे देण्याआधी तिने तेच केलं जे आपण सगळ्यांना करायला सांगत असतो. माहितगार माणसाला विचारलं. तो माहितगार माणूस मी.

तीन महिने ती गोळ्या घेत राहिली. जूनमध्ये उजवं पाऊल उचलेना, तेव्हा तिला मिरजेला नेलं. एमआरआयमध्ये दिसलं की कमरेतली चकती सरकून नस दाबली गेली आहे. ऑपरेशन झालं. दुखणं गेलं, पण पावलातली ताकद पूर्ण परत आली नाही. अजूनही चालताना तिची चप्पल पायातून निसटते. लवकर आणलं असतं तर फरक पडला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. "कदाचित," ते म्हणाले.

त्या 'कदाचित'पाशी मी बरेच दिवस अडकलो आहे. मी खोटं बोललो नव्हतो. पण पूर्णपणे खरं वाक्य बोलूनही एखाद्याचं नुकसान करता येतं का? आणि जे ज्ञान आपण सगळेच उसनं घेऊन वापरतो, त्याची जबाबदारी नेमकी कुणाची?

*

आधी माझ्या वाक्याची बाजू मांडतो, कारण ते वाक्य खरोखरच खरं आहे.

हा लेख तुम्ही बहुधा फोनवर वाचत असाल. स्क्रीनवरचा उजेड एलईडीचा असेल, तर आत इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जेवरून खालच्या ऊर्जेवर उतरत आहेत आणि उतरताना प्रकाश सोडत आहेत. या दोन पातळ्यांच्या मधे कुठेही त्यांना थांबता येत नाही. जिन्याच्या पायऱ्यांवर थांबता येतं, दोन पायऱ्यांच्या मधे हवेत थांबता येत नाही, तसं. उडी केवढी, त्यावर रंग ठरतो. कॅमेऱ्यात याच्या उलट घडतं. प्रकाशाचा कण आत येतो, सिलिकॉनमधल्या इलेक्ट्रॉनला वर ढकलतो आणि असे ढकललेले इलेक्ट्रॉन मोजून फोटो बनतो. प्रकाश असा कणाकणाने इलेक्ट्रॉनला धक्का देतो, हे आइनस्टाइनने १९०५ साली मांडलं. त्याला १९२१चं नोबेल मिळालं ते या कामासाठी, सापेक्षतेसाठी नव्हे.

मग तो फोटो साठवला जातो. फोनच्या मेमरीत प्रत्येक घराभोवती काचेसारख्या पदार्थाची अतिशय पातळ भिंत असते. भिंत विजेला आडवते. इलेक्ट्रॉनकडे ती चढून जाण्याइतकी ऊर्जा नसते. तरीही योग्य व्होल्टेज दिलं की काही इलेक्ट्रॉन पलीकडे सापडतात, कारण क्वांटम नियमांनुसार इलेक्ट्रॉन हा भिंतीपाशी संपणारा गोटीसारखा पदार्थच नाही. याला टनेलिंग म्हणतात. व्होल्टेज काढलं की ते इलेक्ट्रॉन आत अडकून बसतात, वर्षानुवर्षं. तुमच्या लग्नाचे, ट्रेकचे, गेलेल्या आजोबांचे फोटो म्हणजे भिंतीपलीकडे अडकलेले इलेक्ट्रॉन आहेत.

आणि नकाशावरचा निळा ठिपका. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि 'आत्ता इतके वाजले' एवढंच सतत ओरडून सांगतात. सिग्नलला यायला किती वेळ लागला, त्यावरून फोन अंतर काढतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात जेमतेम एक फूट जातो, त्यामुळे घड्याळात नॅनोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात फुटाची चूक. अशी घड्याळं अणूंवरच चालवावी लागतात. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच अशी आहे की सीझियम अणूच्या एका ठराविक क्वांटम बदलाशी जुळणारी ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं म्हणजे एक सेकंद.

इथे सापेक्षता येते. उपग्रह सेकंदाला जवळपास चार किलोमीटर वेगाने पळतो, म्हणून त्याचं घड्याळ आपल्यापेक्षा दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतं. पण तो पृथ्वीपासून दूर आहे, तिथे गुरुत्वाकर्षण कमी आहे, म्हणून तेच घड्याळ दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं. वजाबाकी करून रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे. हा फरक भरून काढण्यासाठी उपग्रहातलं घड्याळ जमिनीवर असतानाच मुद्दाम किंचित मंद लावलं जातं. १०.२३ मेगाहर्ट्झऐवजी १०.२२९९९९९९५४३. वर गेल्यावर ते बरोबर होतं.

तर आत्तीला मी जे सांगितलं ते बरोबर होतं, किंबहुना कमीच सांगितलं होतं.

*

ऑपरेशननंतर एकदा आतेभाऊ रागाने म्हणाला, "तुझ्या क्वांटमवर विश्वास ठेवायचा आणि त्याच्या क्वांटमवर नाही, असं का? तुला तरी कुठं कळतंय त्यातलं?"

मी त्याला जीपीएसचं लेक्चर दिलं. ३८ मायक्रोसेकंदात प्रकाश अकरा किलोमीटर जातो, म्हणजे आइनस्टाइन चुकीचा असता तर नकाशावरचा ठिपका रोज अकरा किलोमीटर सरकला असता, आज विट्यात दाखवणारा नकाशा उद्या भलत्याच गावात दाखवेल, वगैरे. हे उदाहरण तुम्हीही कुठेतरी वाचलं असेल. मी शाळेपासून देत आलोय.

रात्री झोप येईना, म्हणून जीपीएसची गणितं पहिल्यांदा नीट काढून बघितली. ठिपका रोज अकरा किलोमीटर सरकत नाही. फोन एका वेळी किमान चार उपग्रहांचे सिग्नल घेतो, कारण त्याला चार गोष्टी शोधायच्या असतात. तीन जागेच्या आणि चौथी स्वतःच्याच घड्याळाची चूक, कारण फोनमधलं घड्याळ स्वस्तातलं असतं. आता सगळ्या उपग्रहांची घड्याळं एकसारखीच पुढे गेली, तर ती चूक फोन आपल्याच घड्याळाची समजतो आणि वजा करून टाकतो. शिवाय जमिनीवरची केंद्रं उपग्रहांची घड्याळं तपासून दुरुस्त्या वर पाठवत असतातच. सापेक्षता लागते हे खरं आहे. घड्याळांचा वेग तिच्याशिवाय समजत नाही. उपग्रहांच्या कक्षा अगदी गोल नसल्यामुळे प्रत्येकाचा फरक थोडा वेगळा पडतो, तो फोनला वेगळा हिशेबात घ्यावा लागतो. पण 'रोज अकरा किलोमीटर' हे माझं ठेवणीतलं वाक्य अर्धंमुर्धं होतं. मी ते तपासलं नव्हतं. मला ते आवडलं होतं, म्हणून पुढे ढकललं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर लोक जे करतात आणि ज्याला मी नावं ठेवतो, तेच.

टनेलिंगचंही तसंच. फर्स्ट इयरला इंजिनिअरिंग फिजिक्स होतं. टनेलिंगचं समीकरण मी पाठ केलं, तोंडी परीक्षेत धडाधड म्हटलं आणि मार्क मिळवले. सरांनी "पण म्हणजे नेमकं काय होतं?" असं विचारलं असतं तर मी गप्प झालो असतो. त्यांनी विचारलं नाही, माझ्यामागे साठ मुलं उभी होती.

मग आतेभावाचा प्रश्न टाळता येत नाही. मला कळत नाही, आत्तीलाही कळत नाही. मी पुस्तकावर विश्वास ठेवला, तिने माझ्यावर ठेवला. दोन्ही श्रद्धाच. फरक आहे तो कुठे?

*

याचं उत्तर मला एका जुन्या उपग्रहाच्या गोष्टीत सापडलं.

२३ जून १९७७ रोजी अमेरिकेने एनटीएस-२ नावाचा उपग्रह सोडला. जीपीएसच्या तयारीतला हा उपग्रह, आणि सीझियमचं अणुघड्याळ घेऊन कक्षेत गेलेला पहिला. सापेक्षतेचा सिद्धांत तेव्हा साठ वर्षांचा झाला होता. तरीही प्रकल्पातल्या सगळ्यांची खात्री पटलेली नव्हती. दुरुस्ती किती करायची, घड्याळ पुढे जाईल की मागे, यावर गोंधळ होता, आणि अशी दुरुस्ती खरंच लागेल का, अशी शंका असणारेही काही जण होते.

तर त्यांनी काय केलं? वाद जिंकायची वाट बघितली नाही. शंका घेणाऱ्यांना अडाणीही ठरवलं नाही. उपग्रहात दुरुस्ती करणारं यंत्र बसवलं, पण ते बंद ठेवून उपग्रह वर पाठवला. गरज पडली तर जमिनीवरून चालू करायचं. घड्याळ सुमारे वीस दिवस तसंच चालू दिलं आणि मोजलं. सिद्धांत सांगत होता की ते एक लाख कोटी भागांत ४४६.५ भाग वेगाने चालेल. मोजमाप आलं ४४२.५. मग बटण दाबून दुरुस्ती चालू केली.

माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला हे लगेच ओळखू येतं. आम्ही याला फीचर फ्लॅग म्हणतो. नवीन कोड लाइव्ह करायचा, पण बंद अवस्थेत. मग तो चालू आणि बंद ठेवून काय फरक पडतो ते बघायचं. आइनस्टाइनला त्यांनी फीचर फ्लॅगमागे ठेवला होता!

मला यातला आकडा तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. बटण महत्त्वाचं वाटतं. एवढ्या मोठ्या माणसाच्या सिद्धांताला 'तू चुकलास तर आम्ही तुला बंद ठेवू' असं म्हणायची सोय ठेवली गेली, आणि सिद्धांत त्या परीक्षेला बसला. मी सापेक्षतेवर विश्वास ठेवतो तेव्हा मला टेन्सरचं गणित येतं म्हणून ठेवत नाही. ते मला येत नाही. ज्यांना येतं त्यांनी ती चूक ठरण्याची जागा उघडी ठेवली, आणि ती चूक ठरली असती तर मला कळलं असतं, एवढ्यावर ठेवतो. हे समजून घ्यायला पदवी लागत नाही.

आता मिरजेतलं एमआरआय मशीन आणि शिबिरातली पितळी कांडी शेजारी ठेवू. एमआरआय हे अस्सल क्वांटम यंत्र आहे. आपल्या अंगात पाणी आणि चरबी आहे, त्यांत हायड्रोजन आहे, त्याच्या केंद्रात प्रोटॉन आहे आणि प्रोटॉनला स्पिन नावाचा एक क्वांटम गुणधर्म आहे. दीड टेस्लाच्या चुंबकात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट ताकदीच्या क्षेत्रात, हे प्रोटॉन जवळपास ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींनाच प्रतिसाद देतात. त्या प्रतिसादातून आतलं चित्र तयार होतं. या तंत्राचं शास्त्रीय नाव न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स. दवाखान्यात आणताना त्यातला 'न्यूक्लिअर' शब्द गाळला गेला, कारण पेशंट त्या शब्दाला घाबरतात.

म्हणजे जिथे क्वांटम खरोखर आहे तिथे नावातून शास्त्राचा शब्द काढून टाकला आहे, आणि जिथे नाही तिथे तो मुद्दाम चिकटवला आहे.

पण खरा फरक नावात नाही. एमआरआयच्या फिल्मवर दिसलं होतं की अमुक दोन मणक्यांच्या मधली चकती, उजवीकडे. सर्जनने तिथे उघडलं आणि ती तिथेच सापडली. सापडली नसती तर त्याच टेबलावर यंत्र उघडं पडलं असतं. एमआरआय अशी परीक्षा रोज देतं. कांडीच्या रिपोर्टमध्ये 'ऊर्जेचा असमतोल' लिहिलं होतं. तो असमतोल नव्हता हे कुणी, कुठे, कसं सिद्ध करणार? बंद करून बघायला त्या मशीनला बटणच नव्हतं.

*

इथवर लिहून मला बरं वाटायला हवं होतं. विज्ञान जिंकलं, शिबिरवाला हरला. पण त्याने माझे चाळीस सेकंद पुसले जात नाहीत.

विल्यम क्लिफर्ड नावाचा ब्रिटिश गणितज्ञ होता. १८७७ साली त्याने श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला, त्यातली जहाजमालकाची गोष्ट प्रसिद्ध आहे. मालकाला जहाज जुनं झाल्याची शंका असते. पण तपासणीचा खर्च नको म्हणून तो मनाची समजूत घालतो, जहाज मजबूत आहे असं प्रामाणिकपणे मानू लागतो आणि माणसं भरून पाठवतो. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषी आहे. जहाज बुडालं नसतं तरीही दोषीच, कारण ते मानण्याचा त्याला हक्क नव्हता. गंमत म्हणजे याच क्लिफर्डने १८७० साली अशीही कल्पना मांडली होती की पदार्थ म्हणजे अवकाशाला पडलेला बाकच असावा. सामान्य सापेक्षतेच्या पंचेचाळीस वर्षं आधी. ३ मार्च १८७९ला तो वारला आणि अकरा दिवसांनी आइनस्टाइन जन्मला.

माझी केस जहाजमालकाहून थोडी वेगळी आहे. माझं मानणं चुकीचं नव्हतं. मी चुकलो ते सांगण्यात. मला जे विचारलं गेलं त्याचं उत्तर मी दिलं, आणि ज्यासाठी विचारलं गेलं ते विचारलंच नाही. "का गं आत्ती, क्वांटमचं काय मधेच?" एवढे शब्द पुरले असते.

याला आपल्याकडे फार नेमका शब्द आहे. न्यायदर्शनात ज्ञानाची चार प्रमाणं सांगितली आहेत, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे विश्वासाच्या माणसाचं सांगणं. दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळालेलं ज्ञान हे कमअस्सल नाही, तेही ज्ञानच, अट एवढीच की सांगणारा 'आप्त' हवा. आप्त कोण, तर ज्याला ती गोष्ट स्वतः नीट माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे. भाष्यकार वात्स्यायन म्हणतो की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखंच लागू पडतं. जात-गोत बघायचं नाही, या दोन अटी बघायच्या.

मराठीत आपण या शब्दाचं काय केलं बघा. आप्त म्हणजे नातेवाईक. लग्नपत्रिकेतले आप्तेष्ट. आत्तीला दोन्ही अर्थांनी मीच आप्त होतो. नात्याने होतोच, म्हणून तिने दुसरा अर्थही गृहीत धरला. आणि वात्स्यायनाच्या दोन अटींत मी कुठे बसत होतो? माहिती ऐकीव, आणि इच्छा सांगण्याची कमी, फोन ठेवण्याची जास्त.

त्या शिबिरवाल्याबद्दल आत्ती नंतर एक गोष्ट म्हणाली ती मला लागली. "त्यानं अर्धा तास बसवून घेतलं रं. कुठं दुखतंय, कधीपास्नं, झोप येती का, समदं इचारलं." त्याआधी ती एका दवाखान्यात गेली होती, तिथे दोन मिनिटांत चिठ्ठी हातात पडली होती. विज्ञान ज्यांच्या बाजूला आहे त्यांनी तिला दोन मिनिटं आणि चाळीस सेकंद दिली. ज्याच्या बाजूला काहीच नव्हतं त्याने अर्धा तास दिला. तिने विश्वास कुणावर ठेवायचा होता?

आणखी एक कबुली. मी ज्या प्रॉडक्टवर काम करतो त्याच्या वेबसाइटवर गेल्या वर्षी 'एआयवर चालणारं' असे शब्द आले. आत काय आहे ते मला माहीत आहे, कारण ते मी लिहिलंय. चार अटी आणि एक तक्ता. मार्केटिंगने विचारलं, "टेक्निकली याला एआय म्हणता येईल ना?" मी म्हणालो, "टेक्निकली म्हणता येईल." हेही खरं वाक्य होतं. पितळी कांडीवर 'क्वांटम' लिहिणारा माणूस मला फार परका वाटत नाही तो यामुळे.

*

दिवाळीत गावी गेलो तेव्हा आत्तीला सगळं समजावून सांगायचं ठरवलं होतं. स्पिन, टनेलिंग, घड्याळ. ती फराळाचं ताट पुढे सरकवत ऐकत राहिली. मग म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. ह्येचा टंच कसा बघायचा ते सांग."

आत्तीचे यजमान, ज्यांना आम्ही मामाच म्हणतो, गलाईवाले. विटा-खानापूर-आटपाडीकडची कितीतरी घरं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत, तसे मामाही पंचवीस वर्षं कोइमतूरला होते. आत्तीने तिथे भट्टीशेजारीच संसार केला. सोन्याचा टंच कसा बघतात हे तिला चांगलं माहीत आहे. कसोटीच्या काळ्या दगडावर सोनं घासायचं, शेजारी माहितीतल्या सोन्याची रेघ ओढायची, दोन्हींवर तेजाब टाकायचं. हलक्या सोन्याची रेघ पुसट होते. आणणारा कोण आहे, त्याने शपथ किती घेतली, हे दगड विचारत नाही.

सोन्याचा पिवळा रंग हाच मुळी सापेक्षतेचा परिणाम आहे, हे मला त्या वेळी तिला सांगावंसं वाटलं. सोन्याच्या केंद्रात ७९ प्रोटॉन असतात. त्यांच्या ओढीने सगळ्यात आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने फिरतात. त्या वेगामुळे अणूतल्या ऊर्जेच्या पायऱ्या सरकतात, सोनं निळा प्रकाश शोषून घेतं आणि उरलेला पिवळसर परत येतो. सापेक्षता नसती तर सोनं चांदीसारखं दिसलं असतं. आत्ती आयुष्यभर तो परिणाम हातात घेऊन पारखत होती, आइनस्टाइनचं नावही न ऐकता. मी हे बोललो नाही. ती एक कामाचा प्रश्न विचारत होती.

म्हटलं, "आत्ती, एकच माणूस दोनदा तपासायला लावायचा. दुसऱ्या वेळी नाव आणि वय बदलून सांगायचं. मशीन अंगातलं बघत असेल तर रिपोर्ट तोच यायला पाहिजे."

शेजारच्या गावात तसलंच शिबिर लागलं होतं. ती काठी घेऊन माझ्यासोबत आली. पहिल्यांदा स्वतःचं नाव आणि वय सांगितलं, बासष्ट. हाडं झिजलेली, रक्ताभिसरण मंद, बराच लाल रंग. मग चहा पिऊन, दुसऱ्या टेबलावर दुसऱ्या मुलीकडे, दुसऱ्या नावाने गेली. त्या मुलीने मान वर न करता वय विचारलं. आत्तीने शांतपणे पस्तीस सांगितलं. मुलीने तेवढंच टाइप केलं. कांडी तीच, मूठ तीच. हाडं एकदम ठणठणीत.

मला वाटलं आत्ती आता तिथे भांडेल. तिने दोन्ही कागद घडी करून पिशवीत घातले आणि आम्ही घरी आलो. वाटेत दोनदा तिची चप्पल निसटली, दोन्ही वेळा मी वाकून ती तिच्या पायात घातली. घरी आल्यावर तिने शेजारच्या दोन बायकांना बोलावलं, कागद पुढ्यात पसरले आणि वाचायला माझ्याकडे दिले. क्वांटम शब्द तिने एकदाही उच्चारला नाही.

गेल्या आठवड्यात तिचा परत फोन आला. मी मीटिंगमध्येच होतो. "बाळा, ते एआय म्हणत्यात..." तिने सुरुवात केली.

मी मीटिंगमधून बाहेर पडलो. म्हटलं, "आत्ती, आधी सांग, कोण म्हणतंय आणि तुझ्याकडं काय मागतंय?"